मध्या, तिथे बाण नव्हता

मध्या, शनिवारी तुझ्या शोकसभेत पुन्हा ती कलिंगडाची गोष्ट निघाली. निघणारच होती. फ्युनरल होमच्या त्या मऊ गालिच्याच्या हॉलमध्ये आधी सगळे कॉफीचे कागदी कप हातात धरून दबक्या आवाजात बोलत होते. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आपला वाटाड्या पिकअपमधून कलिंगड घेऊन उतरला होता, आठवतंय का?" आणि सगळा हॉल हसला. शैलावहिनीसुद्धा हसल्या. तुझी लेक मीरा डोळे पुसत माझ्याकडे वळली. "दत्ताकाका, यू टेल इट! तुम्ही बेस्ट सांगता."

मी सांगितली. इतकी वर्षं सांगतो तशीच, हातवारे करून. शिकागोच्या मराठी मंडळाची पिकनिक, जंगलातली शर्यत, सगळ्यांच्या पुढे सुटलेला मधू. फाट्यावरचा बाण त्याला दिसत नाही, तो भलत्याच बीचवर जाऊन पोचतो, तिथलं एक अनोळखी अमेरिकन कुटुंब त्याला पोटभर जेवू घालतं आणि शेवटी त्यांच्याच पिकअप ट्रकच्या मागे बसून, मांडीवर भलंमोठं कलिंगड घेऊन स्वारी परत येते. त्या दिवसापासून तुझं नाव 'वाटाड्या' पडलं. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो, पण फुलांत ठेवलेल्या तुझ्या फोटोकडे बघायची माझी छाती झाली नाही.

ती गोष्ट खोटी आहे. कलिंगड खरं, पिकअप खरा. बाण खोटा. हे मला तुला सांगायचं होतं आणि तू असताना सांगितलं नाही, म्हणून आता मंडळाच्या अंकात, सगळ्यांसमोर सांगतो. पण आधी सुरुवात सांगू दे. सुरुवात फार सुंदर होती आणि हसण्याच्या भरात तीही कुणी नीट सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकात सगळी अमेरिका पळत सुटली होती. माझा बॉस पळायचा, शेजारची आजीबाई पळायची, डोक्याला टॉवेलच्या कापडाच्या पट्ट्या आणि पायांत गुडघ्यापर्यंत रंगीत मोजे. मी बेळगावहून आलेला, शिकागोच्या थंडीने खचलेला, शनिवार-रविवार सोफ्यावर काढणारा माणूस. आणि एका शनिवारी सकाळी तू दारात.

"काय करून राहिला बे घरात? चल."

"कुठे?"

"पळायला."

"कुणाच्या मागे?"

"कुणाच्या मागे नाही. नुसतं पळायचं!"

मी ऑफिसचे बूट घालून निघालो होतो, ते बघून तू रस्त्यातच गाडी एका दुकानासमोर थांबवलीस आणि मला बूट घ्यायला लावलेस. तेव्हा गाडी तूच चालवायचास, नकाशा न उघडता. मिशिगन सरोवराला वळसा घालून त्या पार्कला तू मला पहिल्यांदा नेलंस आणि गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणालास, "वास घे." मी घेतला. मला कसलाच आला नाही. "पाण्याचा वास आहे ना बे! तिकडून." आणि तू झाडीत शिरलास.

मध्या, ती पहिली सकाळ मी विसरणं शक्य नाही. मेपल आणि ओकच्या गर्द सावलीतून जाणारी अरुंद वाट, पायाखाली गेल्या वर्षीची पानं, वर कुठेतरी सुतारपक्ष्याची ठकठक. मला धाप लागली होती, पोटात कळ आली होती, आणि तू पुढून ओरडत होतास, "थांबू नको, हळू हो पण थांबू नको!" मग माती भुरकट होत गेली, झाडं खुरटी झाली, वाट चढणीला लागली, पाय वाळूत रुतायला लागले. टेकाडाच्या माथ्यावर आलो आणि समोर एकदम ते प्रचंड निळं पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही असं सरोवर! मी समुद्र म्हणालो तेव्हा तू खो खो हसलास. मग तू हात पसरून वाळूच्या उतारावरून खाली उड्या घेत सुटलास आणि तुझ्यामागून मी. चार-पाच फुटांची एकेक झेप. खाली पोचेपर्यंत मी लहान मूल झालो होतो. बुटांसकट पाण्यात शिरलो. पाणी इतकं गार की दोघंही किंचाळलो. वाळूवर बसून वहिनींनी दिलेली थालीपिठं खाल्ली, दातांखाली करकर वाळू. मला तेव्हा वाटलं, या देशात मी राहू शकेन. हे तुला मी कधी सांगितलं नाही. हेही राहिलं.

मग दर शनिवारी आपण जायला लागलो. तू चंद्रपूरचा, वडील जंगल खात्यात, लहानपण त्यांच्यामागे जंगलात गेलेलं. वाऱ्यावरून, झाडांवरून, पायाखालच्या मातीवरून पाणी कुठे आहे ते तुला कळायचं. कितीही वाटा फुटल्या तरी तू क्षणभर थांबून मान वर करायचास आणि निघायचास. एकदाही चुकला नाहीस. मी घड्याळ लावून पळायचो, तू हरिण दिसलं की उभा राहायचास. त्यावरून आपलं दर वेळी भांडण.

"मध्या, पळायला आलोय की बघायला?"

"तू घड्याळ बघ, मी हरिण बघतो. दोघंही बघायलाच आलोय."

ते भांडण मिटलं नाही. आता मिटणारही नाही, आणि मला ते अजून करायचं आहे.

शर्यतीची कल्पना माझी. उन्हाळ्यात मंडळाची पिकनिक त्याच पार्कात ठरली आणि मी म्हणालो, नुसतं लिंबू-चमचा किती वर्षं खेळायचं? जंगलातून बीचपर्यंत शर्यत लावू. जो पहिला येईल त्याला हार आणि श्रीखंडाची पहिली वाटी! पार्कच्या रेंजरने बजावलं होतं, झाडांना काही बांधायचं नाही, रंग लावायचा नाही. मग वाट दाखवायची कशी? शैलावहिनी म्हणाल्या, "रांगोळीचे बाण काढा की. मी पुण्याहून आणलीय, भरपूर आहे." सगळ्यांना ते इतकं आवडलं! मिशिगन सरोवराच्या काठी जंगलात रांगोळी!

वाट आखायचं काम मी घेतलं. तुला त्या पार्कातल्या सगळ्या वाटा पाठ, म्हणून मुद्दाम दुसऱ्या टोकाचा भाग निवडला, जिथे तूही गेला नव्हतास. नियम मीच ठरवला आणि मीच सगळ्यांना सांगितला: जिथे बाण दिसेल तिथे बाणाप्रमाणे, जिथे बाण नसेल तिथे डावी वाट. म्हणजे फक्त उजवीकडे वळायच्या फाट्यांवर बाण काढायचे, रांगोळी पुरेल. खरं तर ज्याने वाट आखली त्याने पळूच नये. मी तसं म्हणालोही. तूच ऐकलं नाहीस. "पळ ना बे. तू नाही तर मजा कोणाशी?"

आदल्या संध्याकाळी मी वाट आखायला गेलो. असा उत्साह चढला होता की विचारू नकोस. नुसते बाण काढून माझं भागेना. बाणाला शेपूट, शेपटाला वेल, एका ठिकाणी तर मी मोर काढला. साहजिकच शेवटचा फाटा राहिला आणि रांगोळी संपली. गाडीत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली तांदळाच्या पिठाची पिशवी होती, बायकोने मोदकांसाठी मागवलेली. पांढरं ते पांढरं! मी पिठाचा ठसठशीत बाण काढला, उजवीकडे, आणि खूश होऊन घरी आलो. आमच्या बेळगावच्या घरी आई उंबऱ्याबाहेर पिठाचीच रांगोळी काढायची, मुंग्यांना खायला मिळावं म्हणून. हे मला माहीत होतं, मध्या. लहानपणापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशीची शर्यत! आत्ता लिहितानासुद्धा माझे पाय टेबलाखाली हलतायत. आपण सगळे ओळीत, मंडळातल्या एका काकांनी शिट्टी वाजवली, बायकांचा आरडाओरडा, कुणाची तरी चप्पल पहिल्याच वळणावर निघाली. तू सुरुवातीलाच पुढे गेलास. मी तुझ्या मागे, बाकीचे माझ्या मागे. ओढ्यावरच्या फळ्या धडधडल्या. मोरापाशी तू मागे वळून ओरडलास, "दत्तू, हा काय कोंबडा काढलास?" आणि हसत हसत आणखी जोरात सुटलास. त्या दिवशी तू हरिण बघायला थांबला नाहीस. घड्याळवाल्याला धडा शिकवायचा होता ना तुला! तुझा पांढरा बनियन झाडांमधून पुढे पुढे जात होता आणि मी ठरवलं होतं, आज ह्याला गाठायचंच.

शेवटच्या फाट्यापाशी तू थांबलास. मी मागच्या वळणावर होतो, मला स्वच्छ दिसत होतं. तू मान वर केलीस आणि उजवीकडे बघितलंस. एक पाऊल उजवीकडे टाकलंससुद्धा. मग जमिनीकडे बघितलंस, इकडे तिकडे शोधलंस, आणि डावीकडे वळून पळत सुटलास.

मी फाट्यावर पोचलो. बाण नव्हता. थोडा पांढुरका डाग, त्यावर मुंग्यांची रांग, आणि एक खार माझ्याकडे बघत बसलेली, तोंड पिठाने माखलेलं. तुझ्या पावलांचा आवाज अजून येत होता. एक हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. माझ्या छातीत तेवढा दम होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दम नव्हता. होता.

मी हाक मारली नाही. मागून येणाऱ्यांसाठी बुटाच्या टाचेने मातीत खोल बाण ओढला, उजवीकडे, आणि पळालो. बघ, मागच्यांची काळजी घ्यायचं मला सुचलं. पुढच्याची नाही.

आणि खरं सांगायला बसलोय तर हेही सांगतो. टेकाडाच्या माथ्यावरून सरोवर दिसलं आणि माझ्यापुढे कुणी नव्हतं, त्या क्षणाइतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय. मी हात पसरून उतारावरून झेपा घेत खाली गेलो, तू शिकवल्या होत्यास तशाच. गळ्यात हार पडला. श्रीखंड खाल्लं. ते गोड लागलं.

मग तुझी वाट बघणं सुरू झालं. आधी थट्टा, मग काळजी. वहिनी मीराला कडेवर घेऊन पाण्याच्या काठाने येरझाऱ्या घालत होत्या. रेंजरला सांगायला कोणी निघणार इतक्यात तो पिकअप आला. मागे तू, मांडीवर कलिंगड, हातात अर्धं खाल्लेलं मक्याचं कणीस! "अरे, काय मस्त लोक भेटले यार!" हे तुझं पहिलं वाक्य. सगळे इतके हसले की काही जण वाळूवर लोळले. तूही हसलास. कलिंगड कापलंस, पहिली फोड मला दिलीस.

संध्याकाळी गाड्यांत सामान भरताना तू मला बाजूला घेतलंस. आवाज एकदम साधा होता.

"दत्तू, शेवटच्या फाट्यावर बाण होता का रे? माझं नाक म्हणत होतं उजवीकडे. पण बाण दिसला नाही, म्हणून तुझ्या नियमाने डावीकडे गेलो."

मी म्हणालो, "होता की."

मागे उभे असलेले दोघंतिघं लगेच म्हणाले, "होता ना मधुभाऊ, चांगला मोठा होता! आम्ही बघितला." ते खरंच बोलत होते. माझ्या टाचेचा बाण त्यांनी बघितला होता.

तू नुसती मान हलवलीस. "म्हणजे डोळ्यासमोरचं दिसेना झालं. आणि नाकही गेलं वाटतं कामातून." आणि हसलास.

पीठ ही चूक होती. हाक न मारणं हा लबाडपणा होता. पण ते दोन शब्द, 'होता की', ते मात्र माझ्याकडून घडलेलं सगळ्यात वाईट काम आहे. कारण तू माझ्यावर विश्वास ठेवलास. लोकांनी वाटाड्या म्हटलं, ते तू हसण्यावारी नेलंस. पण आतून तुला ते खरं वाटलं. त्यानंतरही आपण किती तरी शनिवार पळलो, पण फाटा आला की तू थांबायचास आणि माझ्याकडे बघायचास. "तूच सांग बे, आपलं काही खरं नाही." चंद्रपूरच्या जंगलात वाढलेला माणूस बेळगावच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला वाट विचारायचा. मी सांगायचो. कधी कधी चुकीची सांगायचो आणि तू निमूट माझ्यामागे यायचास.

दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा सांगायचंच ठरवून आलो होतो. खुर्ची ओढून बसलो, सुरुवातही केली, "मध्या, एक बोलायचं होतं." तेवढ्यात नर्स आली, आणि तू तिला माझी ओळख करून दिलीस. म्हणालास, हा माझा मित्र, ह्याच्यामागे गेलं की माणूस वाट चुकत नाही. तुझ्या आवाजात एवढा अभिमान होता की मी तुझी चादर नीट करत बसलो. मग तुला झोप लागली.

म्हणून शोकसभेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी गेलो आणि वहिनींना आणि मीराला सगळं सांगितलं. पीठ, खार, टाच, सगळं.

मीरा म्हणाली, "सो बाबा वॉज राइट?"

"हो."

"आणि तुम्ही काल परत तीच स्टोरी सांगितली? इन फ्रंट ऑफ हिम?"

ती उठून आत गेली.

वहिनी म्हणाल्या, "दत्ताभावजी, ह्यांनी नवीन रस्त्याने गाडी चालवणं सोडलं, माहीत आहे ना? म्हणायचे, शैला, तूच चालव, मला दिशेचं कळत नाही. टेक्सासला, फ्रिस्कोत पुतणीकडे गेलो तेव्हासुद्धा सगळा रस्ता गाडी मीच चालवली. मी वैतागायचे, भांडायचे. आळशी म्हणायचे त्यांना." त्यांनी किल्ली उचलली. "चला. दाखवा मला तो फाटा."

गाडी वहिनींनीच चालवली. मीरा मागे, खिडकीबाहेर बघत. पार्क तसंच आहे रे. वाटेवर फळ्या नवीन घातल्यात, पाट्या लावल्यात, पोरं-पोरी कानात काहीतरी घालून पळत होती, आणि आम्ही तिघं त्यांना वाट देत, मी काठी टेकत. फाट्यावर पोचलो. मी दाखवलं, इथे पीठ, इथे टाच. वहिनींनी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे.

"ते इकडून गेले?"

"हो."

त्या डावीकडे चालायला लागल्या.

"वहिनी, लांब आहे. आणि परत फिरावं लागेल."

"ते पळत गेले होते ना?"

तू किती वेळा म्हणाला होतास, चल ना बे, एकदा ती डावी वाट दाखवतो, आणि मी दर वेळी कारण काढलं होतं. गुडघा, उशीर, पाऊस. त्या वाटेवर मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. मध्या, काय वाट आहे ती! पांढऱ्या सालीच्या बर्चची झाडं दोन्ही बाजूंना, मग एक तळं, पडलेल्या ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं ओळीने, लांब मानेचा निळसर बगळा आमच्या डोक्यावरून सावकाश उडाला. मला धाप लागली होती आणि मी मोठमोठ्याने बोलत होतो, "वहिनी, हे बघा! मीरा, ते बघ!" मीरा पहिल्यांदा माझ्याकडे बघून किंचित हसली, मग पटकन तोंड वळवलं. शेवटी गवताळ टेकाड, आणि त्यापलीकडे लांबच लांब मोकळा बीच. एक माणूस नव्हता. तू इथे पोचलास तेव्हा तुला काय वाटलं असेल, हे मी तुला कधी विचारलंच नाही. मी फक्त कलिंगडाबद्दल विचारलं.

वहिनी वाळूवर बसल्या. मी म्हणालो, "मी अंकात लिहितो. त्या शर्यतीत मधू पहिला आला असं जाहीर करतो."

"पहिला नंबर नका देऊ. तो त्यांना कधीच नको होता."

"मग काय लिहू?"

"त्यांना वाट कळत होती, एवढं लिहा." त्या पाण्याकडे बघत होत्या. "मला तुमचा राग आलाय, भावजी. तो जायला वेळ लागेल. तोवर लिहून काढा."

तर लिहितो. मंडळींनो, आमच्या मधूला वाट कळत होती. त्या दिवशीही कळली होती. त्याने पाऊल उजवीकडेच टाकलं होतं. ते मागे घेऊन तो डावीकडे गेला, कारण नियम मी सांगितला होता.